नागपूर ते तामिया-पचमढी, एमटीबीवर टेंट घेऊन: चालवायचा एक दिवस कसा जातो

प्रश्न असा आहे की दोघं मित्र डिसेंबरात नागपूरहून छिंदवाडा-तामिया करत पचमढीला एमटीबीवर, म्हणजे माउंटन बाइकवर, निघणार, टेंट सोबत, रोज १०० किलोमीटर धरले तर अडीच-तीन दिवसात होईल का, आणि अशा ट्रिपमधला एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत नेमका जातो कसा.

आधी किलोमीटरचं बोलतो, कारण सगळे तिथेच फसतात. रोज १०० धरू नका भाऊ. रिकाम्या सायकलवर सकाळी रामटेकला जाऊन दुपारी घरी जेवायला येणाऱ्या माणसाला १०० मोठा वाटत नाही, पण इथं जाड टायरची सायकल आहे, मागं-पुढं मिळून १२-१५ किलो सामान आहे, ३ लिटर पाणी म्हणजे अजून ३ किलो, आणि रस्ता सातपुड्यावर चढून राहिला आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर, छिंदवाडा पावणेसातशेच्या आसपास, पचमढी हजाराच्या वर. त्यात डिसेंबरचा दिवस लहान. आपल्याकडं सूर्य पावणेसातच्या सुमारास निघतो आणि साडेपाचला बुडतो, उजेड मिळतो पावणेअकरा तास. त्यातून सकाळची आवराआवर, दुपारचा थांबा, संध्याकाळी जागा शोधून टेंट लावणं काढलं की हातात सहा तास उरतात, आणि लोड केलेली एमटीबी घाट धरून सरासरी ताशी १० च्या आसपासच चालते. म्हणजे ५५-६०. आता नकाशा बघा, नागपूर-सौंसर ६५-७०, सौंसर-छिंदवाडा साधारण ६०, छिंदवाडा-तामिया ५५ च्या आसपास, तामिया-पचमढी साधारण ८०, ते दोन दिवसात. मुक्काम आपोआप जुळतात. पाच दिवस घ्या, पाताळकोट, म्हणजे तामियाजवळची खोल दरी, बघायचा असेल तर सहा.

दिवस आखायचा तो मुक्कामापासून उलटा. बहुतेक जण सकाळी निघतात, जमेल तेवढं मारतात आणि अंधार पडायला लागला की जागा शोधतात. याच्या उलट करायचं. साडेतीनला चाकं थांबली पाहिजेत, हे आधी ठरवायचं. त्यावरून दुपारी कुठं असायचं, घाट किती वाजता सुरू करायचा, सकाळी किती वाजता उठायचं हे सगळं मागं मागं येत जातं. सायकल चालवणं हा दिवसाचा एक भाग आहे फक्त, उरलेले अठरा तास कसे गेले त्यावर दुसऱ्या दिवशीचे पाय ठरतात.

उदाहरणाला दुसरा दिवस घेतो, सौंसर ते छिंदवाड्याच्या अलीकडे. पहिल्या दिवशी कोराडी, सावनेर, केळवद करत तुम्ही सौंसरच्या आसपास पोचलेले असता, रस्ता बराचसा सोपा. राज्य मध्य प्रदेश, पण सौंसर पट्ट्यात मराठी घराघरात चालते, त्यामुळं पहिल्या मुक्कामाला जागा विचारणं अवघड जात नाही. संत्र्याच्या बागा आहेत, मालकाला विचारून बागेच्या कडेला टेंट लावता येतो. डिसेंबरात अंबिया बहाराची तोड चालू असते, त्यामुळं माणसं बागेत असतातच, आणि विचारलं की बहुतेक वेळा जागेसोबत ओटीभर संत्री पण मिळतात. न विचारता एकही फळ तोडू नका, पुढच्या सायकलवाल्याची जागा त्याच्यावर अवलंबून आहे.

उठायचं साडेपाचला, अंधारातच. थंडी असते, उठवत नाही, पण हा एक तास गेला की दिवसभर परत मिळत नाही. पहिलं काम स्टोव्ह पेटवणं. इथं एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते, आपल्याकडं मिळणाऱ्या बऱ्याच छोट्या गॅस डब्यात ब्युटेन असतो आणि ब्युटेन शून्याच्या जवळ गेला की गॅस व्हायलाच तयार होत नाही, पाच-सहा डिग्रीला पण ज्योत बारीक पडते. म्हणून डबा रात्री स्लीपिंग बॅगच्या पायाशी घेऊन झोपायचं, सकाळी चहा लवकर होतो. चहासोबत सातूचं पीठ, गूळ आणि कोमट पाणी, पोटात बसतं, जड होत नाही आणि भांडं पण फारसं खराब होत नाही. नाश्ता हा नाही, नाश्ता पुढं गावात.

टेंट ओला असणार हे धरूनच चला. बाहेरचं कापड दवानं आणि आतल्या श्वासाच्या वाफेनं ओलं होतं, त्याला सुकवत बसलात तर आठ वाजतात. पंचानं वरवर पुसायचं, आतला भाग कोरडा गुंडाळून बॅगेत, बाहेरचं ओलं कापड वेगळ्या पिशवीत घालून कॅरिअरच्या सगळ्यात वर बांधायचं. दुपारी उन्हात दहा मिनिटं पसरलं की खडखडीत.

सामान भरायचा क्रम एकदा ठरवला की बदलू नका. जड वस्तू खाली आणि फ्रेमच्या मधोमध, म्हणजे टूल, स्टोव्ह, पाणी, खाण्याचं. हँडलवर फक्त हलकं आणि फुगीर, स्लीपिंग बॅग किंवा मॅट, नाहीतर उतारावर हँडल जड होऊन वळायला ऐकत नाही. रेनकोट-जॅकेट आणि पंक्चरचं सामान असं ठेवा की दुसरं काही न काढता हातात आलं पाहिजे.

मग निघायच्या आधी टायर. विदर्भात सायकल चालवणाऱ्याचा खरा शत्रू खड्डा नाही, सराटा आहे. सायकल उभी करून प्रत्येक चाक सावकाश एक पूर्ण फेरी फिरवायचं आणि अंगठ्यानं नाही, डोळ्यानं आणि टॉर्चनं बघायचं. सराट्याचा दाणा टायरच्या नक्षीत मातीसारखाच दिसतो, फिक्कट, त्रिकोणी, आणि त्याचं टोक आत गेलेलं असतं पण अजून ट्यूबपर्यंत पोचलेलं नसतं. ते तिथंच राहिलं तर प्रत्येक फेरीत थोडं थोडं आत जाऊन दहा-बारा किलोमीटरवर बरोबर घाटात हवा सोडतं. बारीक चिमट्यानं सरळ ओढून काढायचं, तिरपं नाही, नाहीतर टोक तुटून आत राहतं. ट्यूबलेस असेल तर काटा काढल्या काढल्या भोक खाली येईल असं चाक फिरवून थांबायचं, टायरमधला सीलंट, म्हणजे भोक बुजवणारं पातळ द्रावण, तिथं जमा होऊन फुसफुस थांबते, आणि वरून हवा मारायची. आणि आपल्या उन्हात सीलंट दोन-तीन महिन्यात सुकतो, मागच्या उन्हाळ्यात टाकला होता म्हणून आहेच असं धरू नका, निघायच्या आठवड्यात नवीन टाका. मी अशा ट्रिपला ट्यूबलेसच सांगतो, सोबत एक ट्यूब बॅगेत. हवा, सव्वादोन इंची टायर आणि सामान असेल तर पुढं २८-३०, मागं ३२-३५ पीएसआय. डांबर आहे म्हणून ५० मारू नका, दुपारपर्यंत मनगटं आणि कंबर दोन्ही सांगायला लागतात.

सात-सव्वासातला निघालात की पहिला तास मुद्दाम हळू. पाय आखडलेले असतात, गुडघे थंड असतात, गुडघे झाकणारी लांब पॅन्ट किंवा स्लीव्ह ठेवा. रामाकोना येईपर्यंत अंग उघडतं, कन्हान नदी इथंच लागते, सकाळी तिच्यावर धुकं असतं, आणि नाश्ता याच पट्ट्यात करून घ्यायचा. पोहे, केळी, समोसा खायचाच असेल तर एक. नागपूरकर म्हणून सांगतो, तर्री पोहे घाटाआधी नको, तर्रीचं तेल आणि तिखट अर्ध्या चढात घशाशी येतं. ते परत आल्यावर.

मग सिल्लेवानीचा घाट. छिंदवाड्याच्या पठारावर चढायचा मुख्य चढ हाच. उत्साही माणूस पहिल्या वळणाला उभा राहून पॅडल मारतो, सामान डावी-उजवी डोलतं, कॅरिअरचे बोल्ट ढिले होतात आणि तिसऱ्या वळणाला श्वास संपतो. बसून चढायचं. चढ सुरू व्हायच्या आधीच गिअर उतरवायचा, जोर लावलेला असताना नाही, नाहीतर लोडवर चेन कडकन ओढली जाते आणि एखाद दिवशी तुटते. पुढं सस्पेन्शन असेल तर लॉक. वेग किती आहे बघूच नका, सोबत्याशी एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येतं का एवढंच बघा, येत असेल तर बरोबर चाललंय, वाक्य तुटायला लागलं की अजून एक गिअर हलका करा. गिअर संपले तर उतरून ढकला. ढकलण्यात काही कमीपणा नाही, शंभर-दोनशे मीटर ढकललं की मांड्यांना आराम मिळतो आणि वेळ फारसा जात नाही, कारण चढावर तुम्ही असेही ताशी सहानंच जात असता.

खाण्याचं घड्याळावर लावा, भुकेवर नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट पाणी, दर पाऊण तासानं मूठभर काहीतरी, शेंगदाणे-गूळ, चिक्की, खजूर, बागेतलं संत्रं. थंडीत घाम दिसत नाही म्हणून लोक पाणी पीत नाहीत, मग दुपारी डोकं दुखतं आणि ते उन्हामुळं आहे असं वाटतं. एका बाटलीत ओआरएस ठेवा, एकात साधं पाणी. भूक लागल्यावर खाल्लं तर पायात यायला वेळ लागतो आणि तोवर तुम्ही रस्त्याच्या कडेला बसलेले असता.

ट्रक घाटात मागून येतो तेव्हा त्याला पण वेग कमी करून गिअर बदलायचा नसतो. हँडलला आरसा लावा, चाळीस-पन्नास मीटरवर मोठी गाडी दिसली आणि समोरून पण येत असेल तर सरळ डांबर सोडून खाली उतरा. एमटीबी घेतली ती यासाठीच. जाड टायर कच्च्या कडेवर सहसा घसरत नाही, त्या फायद्याचा वापर करा.

घाट चढला की पठार, आणि इथं लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात कारण वाटतं आता झालं. घाट सुरू करायची वेळ अशी धरा की अकरा-साडेअकरापर्यंत वर असाल, मग बारा ते एक मोठा थांबा. गाव किंवा ढाबा, उमरानाल्याच्या आसपास मिळून जातं. पहिलं काम टेंटचं ओलं कापड उन्हात, दुसरं बूट-मोजे काढून पाय मोकळे, तिसरं जेवण. दाल-रोटी, भात, साधं. जेवून लगेच सायकलवर नाही, वीस मिनिटं आडवं व्हा.

पॅडवाल्या शॉर्टबद्दल स्पष्ट सांगतो कारण कोणी सांगत नाही आणि तिसऱ्या दिवशी माणूस यामुळंच बसची चौकशी करतो. आत अंडरवेअर घालायची नाही, शिलाई मांडीत घासते. दोन शॉर्ट ठेवा, संध्याकाळी थांबल्या थांबल्या बदला, वापरलेली त्याच वेळी धुवा, रात्रीत सुकत नाही ती दुसऱ्या दिवशी बॅगेवर पालथी बांधून उन्हात. जिथं घासतं तिथं सकाळी पेट्रोलियम जेली. एकदा फोड आला की ट्रिपमध्ये तो बरा होत नाही, फक्त वाढत नाही एवढंच करता येतं.

अडीच वाजता निर्णयाची वेळ. थांबून दोघांनी बोलायचं, पुढच्या तासात जागा मिळेल असं गाव आहे का, पाणी आहे का, दोघांचे पाय कसे आहेत. ज्याचे पाय जास्त थकलेत त्याचं ऐकायचं. छिंदवाडा अजून थोडंच राहिलं म्हणून रेटू नका, शहरात शिरताना संध्याकाळची गर्दी आणि अंधार एकदम मिळतात, आणि शहरात टेंट लावायला जागा पण नसते. अलीकडच्या गावात थांबा, सकाळी अर्ध्या-पाऊण तासात छिंदवाडा ओलांडून जाल. कपडे धुवायचे असतील, पॉवर बँक भरायचा असेल तर सरळ छिंदवाड्यात लॉज घ्या, पण मग दुपारीच पोचा.

जागा मागायची पद्धत असते. टेंट आधी लावून मग विचारायचं नाही. गावात शिरून चहाच्या दुकानी बसायचं, चहा घ्यायचा, कुठून आलो, कुठं चाललो ते सांगायचं, मग सरपंच किंवा कोटवार कुठं भेटेल विचारायचं. आपल्याकडं जसा पोलीस पाटील आणि कोतवाल तसा तिकडं कोटवार गावात कोण आलं-गेलं यावर लक्ष ठेवतो, त्याला माहीत असलं की रात्री कोणी उठवायला येत नाही. शाळेचं आवार, मंदिराचा ओटा, पंचायतीची पडवी, यातलं काहीतरी मिळतंच. आधार कार्ड जवळ ठेवा, मागायच्या आधी दाखवा. छिंदवाड्यापुढं हिंदी, तामियाच्या बाजूला गोंडी कानावर पडते, पण हात जोडून नीट बोललं की भाषा अडत नाही.

जंगलात परवानगीशिवाय टेंट लावू नका, हे आवर्जून सांगतो. तामियापुढं मटकुलीकडं जाताना तुम्ही सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूनं जाता, वाघ-बिबट तर आहेतच, पण माझ्या मते सायकलवाल्यानं जास्त जपायचं ते अस्वलाला, ते दचकलं की पळून न जाता अंगावर येतं. संध्याकाळी पाचनंतर त्या पट्ट्यात चाकं फिरायला नको. राखीव जंगलात विनापरवाना मुक्काम आणि आग, दोन्ही गुन्हा आहेत, आणि वाळलेल्या सागाच्या पानात ठिणगी पडली तर काय होतं ते सातपुड्याच्या गावात कोणालाही विचारा. स्वयंपाक स्टोव्हवर, मोकळ्या मातीवर. कड्याखाली आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तर तिथं धूर नाही, आरडाओरडा नाही, गुपचूप पुढं.

टेंटची जागा बघताना नाल्याचं कोरडं पात्र नको, नदीचा काठ नको, दिसायला छान पण दव दुप्पट पडतं, आणि खोलगट जागा पण नको कारण थंड हवा उतरून तिथंच साचते, दहा पावलं वर गेलात तरी फरक जाणवतो. बाभळीखाली तर अजिबात नाही, काटे टेंटच्या तळातून मॅटमध्ये जातात. हवा खेळायची खिडकी थंडी वाजते म्हणून बंद करू नका, बंद केली की सकाळी आतून पाऊस पडल्यासारखं होतं.

साडेतीन ते साडेपाच ही दोन तासांची कामं उजेडात उरकायची. आधी टेंट, मग हापशीवरून पाणी, दोघांना रात्र-सकाळ धरून पाच लिटर लागतं, शंका असेल तर उकळा किंवा क्लोरीनची गोळी. मग अंग पुसून कोरडे कपडे, मग खिचडी. तांदूळ-मूगडाळ घरूनच मिसळून, मीठ-हळद-जिरं घालून एक एक वेळेच्या पुड्या करून आणा, थकलेल्या हातांना मोजमाप नको असतं. वर तूप आणि ठेचा असला की दुसरं काही लागत नाही.

जेवण शिजेपर्यंत सायकल. कोरड्या कापडानं चेन धरून पॅडल उलटं फिरवायचं, कापड काळं यायचं थांबेपर्यंत, मग प्रत्येक कडीवर तेलाचा एक थेंब आणि जास्तीचं पुसून टाकायचं, नाहीतर रात्रीतून धूळ धरते. मग कॅरिअरचे चारही बोल्ट बोटानं हलवून बघायचे. बोटाला जराशी जरी हालचाल लागली तरी अ‍ॅलन की लावायची, कारण लोडवर ढिला बोल्ट सकाळपर्यंत ढिला असतो आणि दुपारपर्यंत तुटलेला. निघायच्या आधी घरीच त्याला लॉकटाइट, म्हणजे बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद, लावा आणि तसेच चार बोल्ट जास्तीचे ठेवा. याशिवाय चेनची क्विक लिंक, मागच्या डीरेल्यरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) तुमच्याच फ्रेमचा हँगर, म्हणजे ती फ्रेमला अडकवायची छोटी पट्टी, ब्रेक पॅडचा एक जोड, चार स्पोक, झिप टाय. हँगर छिंदवाड्यात मिळेल या भरवशावर राहू नका, तो प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो.

आठला झोप. तामिया-पचमढीला पारा पाच-सहापर्यंत सहज उतरतो, कधी त्याच्याही खाली, म्हणून स्लीपिंग बॅग शून्य डिग्रीला चालणारी घ्या, मॅटवर पैसे खर्च करा कारण थंडी खालून येते, आणि झोपायचे मोजे वेगळे ठेवा, ते कधीच चालवताना घालायचे नाहीत.

पुढच्या दिवसांचं थोडक्यात. छिंदवाडा-परासिया हा कोळशाचा पट्टा आहे, पेंच-कन्हानच्या खाणींचे ट्रक असतात, तोंडाला रुमाल किंवा बफ आणि शक्यतो सकाळी लवकर हा तुकडा पार करा. परासियापुढं तामियापर्यंत चढ-उतार एकसारखे, सिल्लेवानीपेक्षा पाय जास्त दमवतात कारण लय लागत नाही. तामियाला कड्यावरून सातपुड्याच्या रांगा दिसतात, तिथं एक दिवस सामान ठेवून रिकाम्या सायकलवर पाताळकोटच्या बाजूला जा, भारिया आदिवासींची गावं खाली दरीत आहेत, आधी विचारल्याशिवाय घराचे-माणसांचे फोटो नको.

तामियाहून देलाखारी-मटकुलीकडं उतार आहेत, तिथं ब्रेक दाबून धरत उतरायचं नाही. सामानासकट वजन शंभर किलोच्या वर असतं, डिस्क तापते, पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि लीव्हर हँडलपर्यंत येतो. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात पण थोडा वेळ, वेग पाडायचा, सोडायचा, वळण घ्यायचं, डिस्कला हवा लागू द्यायची. सीट इंचभर खाली करा. नाकाला जळका वास आला तर थांबा, पाणी ओतू नका, सावलीत आपोआप निवू द्या. मटकुलीला देनवा नदी आहे, तिथून पचमढीचा शेवटचा घाट, तो नवीन दिवसासाठी सकाळी ठेवा.

परतीला सायकल चालवत यायचं नसेल तर पचमढीहून पिपरिया स्टेशन, तिथून इटारसी आणि इटारसीहून नागपूर. सायकल पार्सलमध्ये ब्रेकव्हॅनला बुक होते, गाडी सुटायच्या दोन तास आधी पोचा, पॅडल आतल्या बाजूला फिरवून लावा, हँडल आडवं करा, आणि मागच्या डीरेल्यरभोवती टेंटची मॅट गुंडाळून बांधा, कारण सायकलवर दुसऱ्याची पोती पडली की पहिला वाकतो तो तुमचा हँगर.